बळी गेला, हंडी राहिली

वऱ्हाडात बऱ्याच घरांत मटण शिजत नसे, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. आता परतवाड्यात गल्लोगल्ली कुकरच्या शिट्ट्या होतात आणि रविवारी दुपारी अख्ख्या मोहल्ल्याला कळतं, कोणाकडे काय शिजतंय ते. पण माझी आजी होती तोवर आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा फुटलं नाही. आजी माळकरी होती, आजोबा माळकरी नव्हते. त्यांना मटणाची हुक्की आली की ते वावरात जायचे. चार दोस्त, एक कोरी हंडी, पोतंभर गोवऱ्या आणि आमच्याच किराणा दुकानातली मसाल्याची पुडी. जेवणं झाली की हंडी तिथंच धुऱ्यावर फोडायची, हातपाय धुवायचे, पान लावायचं आणि अंधार पडल्यावर घरी यायचं. आजीला सगळं ठाऊक असायचं. ती एवढंच विचारायची, "जेवता का आता?" आजोबा म्हणायचे, "भूक नाही मले." विषय संपला.

मातीच्या हंडीतलं मटण म्हटलं की आजकाल लोक मातीच्या चवीचं कौतुक करतात. चव येते, नाही असं नाही. पण आमच्या भागात हंडी आली ती चवीसाठी नव्हे. ती फोडता येते म्हणून आली. घरचं पितळेचं पातेलं मटणाला लागलं की ते चुलीवर पुन्हा चढायचं नाही, आणि त्यावरून होणारं महाभारत वेगळं. कुंभाराची हंडी स्वस्त, एकदा वापरायची आणि सोडून द्यायची. म्हणून वऱ्हाडातलं मटण हा पुरुषांचा, उघड्यावरचा आणि कमी भांड्यांत उरकायचा स्वयंपाक झाला. पाटा नाही, परात नाही, दहा भांडी नाहीत. मसाला चोळला, हंडीत भरला, तोंड बंद केलं, विस्तवावर ठेवला आणि गप्पा मारत बसलं. सोप्या जेवणाच्या कृती हल्ली रोज कोणी ना कोणी सांगत असतो. आमच्याकडे ती सोय देवाधर्माच्या सोवळ्यातून निघाली.

ही रीत मोठ्या प्रमाणावर बघायची असेल तर बहिरमला जावं लागतं. परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्याला लागलं की सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या हद्दीला चिकटून हे ठिकाण आहे. तालुका चांदूर बाजार, जिल्हा अमरावती. टेकडीवर बहिरमबुवाचं देऊळ. बहिरम म्हणजे भैरवच. लोणी आणि शेंदूर यांचे थर चढून चढून मूर्ती एवढी फुगली आहे, की मूळ दगड केवढा असेल याचा अंदाज कोणालाच येत नाही. २० डिसेंबरला यात्रा लागते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. दोन दिवसांत उरकणाऱ्या जत्रा महाराष्ट्रात गावोगाव आहेत. सव्वा-दीड महिना चालणारी ही आमची.

पूर्वी बैलबाजार, मग शेतीची अवजारं, घोंगड्या, लोखंडी कढया, पाळणे, आणि रात्री तंबूतले तमाशे. तमाशे गेले. बैलही ट्रॅक्टर आल्यापासून रोडावले. राहुट्या मात्र अजून पडतात. अमरावती, अकोला, बुलढाण्याकडची कुटुंबं येतात, पार बैतूलकडूनही येतात. राहुटी भाड्यानं घेतात, कुंभाराकडून हंडी घेतात, वांगी घेतात, गोवऱ्या घेतात. देवाला आरात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा नैवेद्य दाखवतात आणि मग मटणाला लागतात.

इथं बाहेरचा माणूस नेहमी अडखळतो. देवाला रोडगे आणि माणसाला मटण, हे कसं काय? तर आधी तसं नव्हतं. नवस बोकडाचा असे. पोरगं झालं, विहिरीला पाणी लागलं, कोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला, की बोकड घेऊन बहिरमला यायचं. देवापुढं बळी, आणि प्रसादाचं मटण तिथंच शिजवून तिथंच संपवायचं. ते घरी न्यायचं नाही, हा आमच्या घरातला तरी दंडक होता. त्यामुळं हंडी, गोवऱ्या, मसाला हे सगळं देवाच्या दारातच लागायचं. म्हणजे आज आपण ज्याला बहिरमची खासियत म्हणतो, तिची सगळी मांडणी बळीच्या सोयीसाठी झालेली आहे.

बळी बंद झाला त्यात मोठा वाटा गाडगेबाबांचा. बाबांचा जन्म १८७६ चा, आमच्याच जिल्ह्यातल्या शेणगावचा. लहानपण गेलं मामाकडे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, म्हणजे अकोला जिल्ह्यात. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांनी त्यांच्यावर हक्क सांगावा आणि दोन्हींचं खरं असावं, असा हा माणूस. त्यांच्या मुलीच्या बारशाची गोष्ट इथं सगळ्यांना पाठ आहे. परीट समाजात तेव्हा अशा प्रसंगी मटण आणि दारू लागायचीच. भाऊबंद पंगतीला बसले आणि पानात पडलं गोडाधोडाचं. माणसं चिडली, पण बाबांनी रीत मोडली ती मोडलीच. पुढं १९०५ साली घर सोडल्यावर खराटा, गाडगं आणि कीर्तन घेऊन ते जत्राजत्रांतून फिरले. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला तसे ते बहिरमलाही आले आणि नवसाच्या बोकडावर बोलले. त्यांचं कीर्तन प्रश्नोत्तराचं असे. देवाला पोरं आहेत का? बोकडालाही आई असते का? मग? लोक हसत हसत निरुत्तर व्हायचे.

हळूहळू बळी थांबला. देवाला रोडगे पुरेसे झाले. पण लोकांनी हंडी सोडली नाही. बोकड आता देवापुढं पडत नाही, खाटकाच्या दुकानातून किलोच्या हिशेबानं येतो. यात बाबांचा पराभव आहे का? मला तसं वाटत नाही. कर्ज काढून देवाला बोकड देणाऱ्या माणसाचं कर्ज त्यांना थांबवायचं होतं, आणि ते थांबलं. आता जो मटण खातो तो स्वतःच्या जिभेसाठी खातो, देवाच्या नावावर बिल फाडत नाही. बाबा गेले १९५६ साली, वलगावजवळ, आणि तारीख होती २० डिसेंबर. त्याच तारखेला बहिरमची यात्रा लागते. एका बाजूला पुण्यतिथीची कीर्तनं आणि स्वच्छता, दुसऱ्या बाजूला हंड्यांची उतरंड रचली जात असते. वऱ्हाडी माणूस दोन्हीकडे जातो.

आता आमच्या धंद्याचं. डिसेंबरच्या मध्यावर दुकानात एकच वाक्य ऐकू यायला लागतं, "दोन किलोचा बांधून द्या." कशाचे दोन किलो, ते गिऱ्हाईक सांगत नाही, आम्ही विचारत नाही. कागद पसरायचा आणि हातानं टाकत जायचं. धने, खसखस, सुकं खोबरं, शहाजिरं, लवंग, कलमी, मोठी विलायची, तेजपान, दगडफूल, नागकेशर, चक्रफूल. तिखट आणि हळद वेगळ्या पुडीत. हे तराजूवर होत नाही. वडील म्हणायचे, लवंग मोजून टाकणारा वाणी आणि पावकी विसरणारा वाणी, दोघेही बुडतात.

या पुडीतलं आपलं किती आणि बाहेरचं किती, हा माझा आवडता हिशेब. धने, हळद, मिरची इथली. वरूड तालुक्यातलं राजुरा बाजार मिरचीच्या बाजारपेठेसाठी नाव काढून आहे. पण मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात या देशात आली, हे ऐकलं की गिऱ्हाईक माझ्याकडे संशयानं बघतं. मिरचीशिवाय वऱ्हाडी माणूस जेवत कसा होता? उत्तर आमच्याच भागात उभं आहे. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात बारी समाजाचे पानमळे आहेत, आणि पानाच्या वेलीसारखीच शेवरीच्या आधारानं वाढवलेली पिंपळी आहे. इथं तिला पानपिंपरी म्हणतात. जुना तिखटपणा हिचा आणि मिऱ्यांचा. पाठ्यपुस्तकात अंजनगाव सुर्जी येतं ते ३० डिसेंबर १८०३ च्या शिंदे-इंग्रज तहामुळं. माझ्या लेखी ते गाव पिंपळीमुळं मोठं. आता तिचा बहुतेक माल औषधाच्या कारखान्यांना जातो. पुडीत आम्ही ती टाकत नाही, कारण मिरचीनं तिची जागा कधीच खाल्ली. पण आजोबा स्वतःच्या हंडीसाठी दोन-तीन वाळल्या पिंपळ्या कुटून घ्यायचे, आणि मीही घेतो. मिरची जिभेला लागते, पिंपळी घशात उतरून मग सांगते.

बाकीचं सगळं बाहेरचं. लवंग, कलमी समुद्राकडून. आधी हा माल लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवर यायचा. मीठही त्यांच्याच पाठीवर. वऱ्हाडात माल आला तसा वऱ्हाडातून कापूस गेला. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं ते फौजेच्या देण्यापायी, आणि इंग्रजांना इथं दिसला तो कापूस. पुढं जी.आय.पी. रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपूरला पोचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीची अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज लाइन आली, आपली शकुंतला. ती बांधली कापसाच्या गाठींसाठी. पण रिकामे डबे परत येताना काय आणत? आमच्या पणजोबांचा मुंबईच्या मशीद बंदरचा मसाला मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरायचा, शकुंतलेत चढायचा आणि अचलपूरला यायचा. मँचेस्टरला कापूस गेला म्हणून बहिरमच्या हंडीत लवंग स्वस्त झाली, असं म्हटलं तर इतिहासाचे प्राध्यापक रागावतील. वाणी म्हणून मला हे वाक्य बरोबर वाटतं. शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. आता बंद आहे आणि मसाला ट्रकनं येतो.

लोक वऱ्हाडी मटण आणि नागपूरचं सावजी यांची गल्लत करतात, ते जाता जाता सांगून टाकतो. सावजी ही हलबा कोष्ट्यांची, विणकरांच्या वस्तीतली खानावळीची चीज. तिच्यात रस्सा आणि त्यावरची तर्री महत्त्वाची. आमच्या हंडीत रस्सा नावालाच असतो. पाणी घालतच नाहीत. मटणाला जे सुटेल तेवढंच.

हंडी लावायची कशी, ते एकदा नीट सांगतो, कारण यात्रेतही आता निम्मे लोक चुकीची लावतात. कोरी हंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, नाही तर विस्तवावर तडकते. सकाळी पुसून आतून तेलाचा हात फिरवायचा. तेल जवसाचं असेल तर उत्तम. ते आधी धूर निघेपर्यंत तापवून घ्यावं, म्हणजे त्याचा उग्र वास मरतो. कांदे सालासकट आणि खोबऱ्याची वाटी अख्खी विस्तवात टाकायची. कांदा बाहेरून काळा, आतून मऊ झाला की साल काढून खोबरं, लसूण, आलं, भाजलेला मसाला यांच्यासोबत वाटायचा. यात्रेत पाटा नसतो, तेव्हा बत्त्यानं ठेचला तरी चालतो. मग ते वाटण, हळद, तिखट, मीठ मटणाला चोळायचं. चोळायचं म्हणजे हाडाच्या खाचेत बोट घालून चोळायचं, वरून शिंपडायचं नाही. तासभर तसंच झाकून ठेवावं. तोवर जगरा पेटवायचा.

जगरा म्हणजे गोवऱ्यांची रास पेटवून केलेला आर. ज्वाळा असताना हंडी ठेवली की बुड करपतं आणि वरचं कच्चं राहतं. गोवऱ्या लाल होऊन राखेची साय धरली की हंडी बसवायची. तोंडावर झाकण, झाकणाच्या कडेनं भिजवलेली कणीक लिंपायची, आणि झाकणावरही चार निखारे. मग दोन तास हात लावायचा नाही. हे सगळ्यात कठीण. दर यात्रेत कोणीतरी काका असतात, "जरा पायतो" म्हणत झाकण उचलणारे. त्यांना लाकडं आणायला पाठवावं. कणीक वाळून तडकली आणि फटीतून वास सुटला की झालं. तोवर उरलेल्या आरात रोडगे भाजून होतात. जाडसर कणीक, मीठ, ओवा, तेलाचं मोहन. पोळीवर पोळी ठेवून वळलेले गोळे राखेत पुरायचे, भाजल्यावर झटकायचे, फोडून तुपात बुडवायचे. शाकाहारी मंडळींसाठी वांग्याची भाजी आणि वरण असतंच.

या सगळ्यात एका जनावराचं नाव निघत नाही, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी बसून ते न काढणं ढोंगीपणाचं आहे. डुक्कर. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वरानं 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, ११३० च्या सुमारास. त्यात राजाच्या जेवणाचं प्रकरण आहे आणि त्यात डुकराचं भाजलेलं मांस, 'सुंठक', सविस्तर सांगितलं आहे. अंगावर कापड टाकून कढत पाणी ओतून केस काढायचे, किंवा गवताच्या जाळावर होरपळायचे, मग भाजून पट्ट्या कापायच्या आणि मसाला लावायचा. हे राजाचं जेवण होतं. लपवून खायची गोष्ट नव्हती.

आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या रानडुकराच्या हाक्याच्या गोष्टी याच्याशी तंतोतंत जुळायच्या, आणि त्यांनी सोमेश्वराचं नावही ऐकलेलं नव्हतं. तुराट्यांच्या जाळावर कातडी होरपळायची, सुरीनं खरवडायची, वाटे पाडायचे. ज्यानं कुत्रं आणलं त्याचाही वाटा. हळद, मीठ, तिखट चोळून सरळ आरावर. इलिचपूरच्या छावणीतले, म्हणजे आजच्या परतवाड्यातले, हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचे गोरे अधिकारी घोड्यावरून भाल्यानं डुकरं मारायचे, ती मर्दुमकी. गावकऱ्यानं तेच मारलं की तो जंगली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाल्यावर गावकऱ्याचंही थांबलं. ते बरंच झालं. पण आता डुकरं सोयाबीन आणि तूर उकरतात, वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना मारता येत नाही, आणि शेतकरी थंडीत रात्ररात्र जागलीला बसतो.

पाळीव डुकराची गोष्ट याहून अवघड आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींचे चार खंड काढले. त्यात कोण काय खातं याची बारीक नोंद आहे, आणि त्यावरून कोणाची पायरी कोणती तेही ठरवून टाकलं आहे. कैकाडी, वडार यांच्या घरी जे शिजत होतं, त्याची चव त्या चार खंडांत कुठंच नाही. ती लिहायला त्या घरांतल्या माणसांनाच लेखणी धरावी लागते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' २०१५ साली लिहिलं ते मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणाबद्दल. वऱ्हाडाचं तसं पुस्तक अजून माझ्या हाती लागलेलं नाही, आणि ते हवं.

माझ्या दुकानात मात्र नाताळच्या आठवड्यात एक बाई येतात. दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. त्या एकट्याच गिऱ्हाईक, ज्या कशाचे किलो ते खणखणीत सांगतात. "दादा, पोर्कचा आहे. खोबरं नका टाकू, खसखसही नको. चरबी त्याची त्याच्याजवळ असते." मिरे जास्त, लवंग कमी, आणि मी एकदा सुचवल्यापासून पिंपळीसुद्धा. त्या मांसाला सुरीनं चिरा पाडतात, मसाला, लसूण आणि चिंचेचा कोळ चोळून रात्रभर ठेवतात. सकाळी हंडीत तेलाचा थेंबही न घालता लावतात आणि चर्चला जातात. आल्यावर जेवण तयार. मी त्यांना विचारलं, हंडी कुठून घेता? म्हणाल्या, "बहिरमहून. तिथल्यासारखी भाजलेली हंडी इकडं मिळत नाही." एक तारखेला यात्रेत जाऊन घेतलेली हंडी पुढच्या नाताळापर्यंत जपून वापरतात. फोडत नाहीत. त्यांच्या घरात हंडीला लपायचं काही कारणच नाही.

बहिरमला यायचं असेल तर रविवार टाळा, गाडी लावायला जागा मिळत नाही. मंगळवार-बुधवारी या. हंडी बोटानं वाजवून घ्या, बद्द आवाज आला तर परत ठेवा. गोवऱ्या कोरड्या बघून घ्या. आणि मसाला परतवाड्यातच बांधून घ्या. यात्रेत तो महाग पडतो, आणि लवंगेची फुलं झडलेली असतात.